डार्सीला काय वाटत होतं?

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या बाराव्या प्रकरणात एक अर्धा तास आहे. बहीण आजारी पडली म्हणून एलिझाबेथ बेनेट नेदरफील्डला, डार्सीचा मित्र बिंगली याच्या घरी, राहिली आहे. दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी घरी परतणार आहेत. त्या शनिवारी डार्सी आणि एलिझाबेथ अर्धा तास एका खोलीत असतात, तिसरं कुणी नाही, आणि डार्सी हातातल्या पुस्तकातून मान वर करत नाही. जेन ऑस्टिन हे सगळं एका वाक्यात उरकून पुढे जाते. डार्सी असा ठरवून वागला, आपण तिच्याकडे ओढले जातो आहोत हे तिला कळू नये अशी त्याची खटपट होती, एवढं ती वाचकाला सांगते. एलिझाबेथला यातलं काहीच ठाऊक नाही.

या अर्ध्या तासात शिरण्याचा मोह गेल्या तीस वर्षांत इंग्रजीतल्या कितीतरी लेखिकांना झाला. जॅनेट एल्मर यांची ‘डार्सीज स्टोरी’ १९९६ची. मेरी स्ट्रीट यांनी १९९९ मध्ये डार्सीचा कबुलीजबाब लिहिला. पामेला एडन यांनी २००३ ते २००५ या काळात त्याच्यावर तीन खंड लिहिले. अमांडा ग्रेंज यांनी २००५ मध्ये त्याची डायरी लिहिली आणि पुढे ऑस्टिनच्या नाइटली, वेंटवर्थ, एडमंड बर्ट्रम, कर्नल ब्रँडन, हेन्री टिल्नी या उरलेल्या नायकांनाही एकेक डायरी दिली. ‘जेन आयर’मधला रॉचेस्टर, ‘वदरिंग हाइट्स’मधला हीथक्लिफ, ‘गॉन विथ द विंड’मधला ऱ्हेट बटलर, सगळ्यांना आता स्वतःची कादंबरी आहे. समीक्षक या पुस्तकांकडे चाहत्यांची हौस म्हणून पाहतात आणि सोडून देतात. मला ती इतकी किरकोळ वाटत नाहीत. त्यांतली बरीच फसलेली आहेत, पण ज्या जागी ती फसतात तिथे मूळ कादंबरीचा आधार नेमका कशावर होता ते उघडं पडतं. आणि जी थोडी साधली आहेत, ती मूळ कादंबरी पुन्हा वाचायला लावतात.

प्रेमकथेत नायक गप्प का असतो, इथून सुरुवात करावी लागेल. इंग्रजी कादंबरीत ही रीत रिचर्डसनपासून दिसते. त्याची ‘पामेला’ (१७४०) मुख्यतः नायिकेच्या पत्रांतून उलगडते. पण पुढच्याच ‘क्लॅरिसा’त (१७४७–४८) त्याने लव्हलेस या पुरुषालाही पत्रं लिहू दिली, आणि घोटाळा झाला. लव्हलेस क्लॅरिसाला फसवतो, कोंडतो, तिच्यावर बलात्कार करतो. तरीही त्याची पत्रं इतकी चलाख आणि खेळकर होती की अनेक वाचकांचा जीव त्याच्यावर जडला. रिचर्डसनला पुढच्या आवृत्त्यांत भर घालून, तळटीपा देऊन तो किती नीच आहे हे पटवावं लागलं. एखाद्याला स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडून सांगू दिली की ऐकणारा त्याच्या बाजूला सरकतोच, मग त्याने काहीही केलेलं असो. नायकाची बाजू मांडणाऱ्या प्रत्येक पुस्तकापुढे हा धोका उभा आहे, आणि तो पावणेतीनशे वर्षांपूर्वीच दिसून आलेला आहे.

ऑस्टिन रिचर्डसनची भक्त होती, पण वाट तिने वेगळी धरली. पुरुषच पुरुष बोलत बसले आहेत, बाई कुणी नाही, असे प्रसंग तिच्या कादंबऱ्यांत जवळजवळ नाहीत. डार्सीच्या मनात ती कधी डोकावतच नाही असं मात्र नाही. सहाव्या प्रकरणात त्याला एलिझाबेथचे डोळे आवडू लागलेत हे ती सांगते. दहाव्यात, तिच्या घरचे लोक इतके सामान्य नसते तर आपलं काही खरं नव्हतं, असं त्याच्या मनात येतं. नेदरफील्डच्या नाचानंतर मात्र हे दार जवळजवळ बंद होतं. पुढे चौतिसाव्या प्रकरणात, हन्सफर्डला, तो एलिझाबेथला मागणी घालतो तेव्हा तिला धक्का बसतो आणि आपल्यालाही बसतो. वास्तविक आपल्याला सगळं आधीच सांगितलेलं होतं. आपण ते विसरलो, कारण तोवर आपण एलिझाबेथच्या डोळ्यांनी बघू लागलो होतो आणि तिच्या मतावर आपला पक्का भरवसा बसला होता. तिची चूक ती आपलीही चूक होते. १८१३ साली छापलेली ही कादंबरी आजही ताजी वाटते त्याचं मला सापडलेलं कारण हे आहे.

डार्सीच्या बाजूने लिहिणाऱ्याची पहिली अडचणही हीच. नायकाला सगळं आधीपासून माहीत असतं. ग्रेंज यांच्या डायरीत सुरुवातीलाच रॅम्सगेटचं प्रकरण येतं: डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला, जॉर्जियानाला, विकम या तरुणाने तिच्या तीस हजार पौंडांसाठी पळवून न्यायचा घाट घातला होता. मूळ कादंबरीत हे आपल्याला पस्तिसाव्या प्रकरणात, डार्सीच्या पत्रातून कळतं, आणि त्यानंतरच्या प्रकरणात एलिझाबेथ ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते, चिडते, नाकारते आणि शेवटी आपण आंधळ्या होतो हे स्वतःशी कबूल करते. कादंबरीचा कणा तो आहे. डायरी वाचणाऱ्याला विकम लबाड आहे हे पहिल्या पानांपासून ठाऊक असल्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवणारी एलिझाबेथ भोळसट दिसू लागते. डार्सी वर जातो तशी ती खाली येते. ग्रेंज यांचा हेतू तसा मुळीच नाही, त्यांना एलिझाबेथ मनापासून आवडते. पण गोष्ट कुठून सांगायची याचा निर्णय लेखकाच्या हेतूला जुमानत नाही.

या लाटेला जोर दिला तो बीबीसीच्या १९९५च्या सहा भागांच्या मालिकेने. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी कादंबरीत नसलेले डार्सीचे प्रसंग लिहिले: अंघोळ, तलवारबाजी, पत्र लिहिताना सरलेली रात्र, विकमला शोधत लंडनच्या गल्ल्यांतून केलेली वणवण, आणि त्याच्या पेम्बर्ली इस्टेटीवरच्या तळ्यातली ती उडी. कॉलिन फर्थचा ओला सदरा लोकांच्या लक्षात राहिला. मला मात्र लंडनचे प्रसंग महत्त्वाचे वाटतात. मूळ कादंबरीत एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया आणि विकम यांचं लग्न डार्सीने पैसे मोजून जुळवलं हे एलिझाबेथला मामीच्या पत्रातून, सगळं उरकल्यावर, कळतं. तो ते कुणालाही सांगणार नव्हता, आणि त्या न सांगण्यातच त्याचं बदललेपण आहे. पडद्यावर आपण त्याला धावपळ करताना पाहतो तेव्हा त्याच्याबद्दल माया वाटते, पण एलिझाबेथला मिळालेली ती उशिराची, थक्क करणारी बातमी आपल्याला मिळत नाही.

एडन यांचा पहिला खंड या सगळ्यांत सरस आहे, असं माझं मत आहे. त्यांनी डार्सीला फ्लेचर नावाचा एक चतुर सेवक दिला, जो मालकाचे कपडे आणि मालकाचं मन दोन्ही ओळखतो. त्यांचा डार्सी एलिझाबेथने पुस्तकात खूण म्हणून ठेवलेले भरतकामाचे रेशमी धागे गुपचूप उचलतो आणि जपून ठेवतो. एवढ्या लहानशा कृतीत ते सगळं आहे, जे पाच पानांच्या मनोगतात येत नाही. दुसऱ्या खंडात मात्र हात सुटतो. ऑस्टिनने नोव्हेंबर ते मार्च डार्सीला नजरेआड ठेवलं, ते महिने भरून काढायला एडन त्याला एका गूढ किल्ल्यात पाठवतात, आणि तिथल्या भयकथेचा मूळ गोष्टीशी सांधा जुळत नाही.

या पुस्तकांनी सर्वांत जास्त वाया घालवलेली जागा मला रोझिंग्जची, डार्सीच्या मावशीच्या इस्टेटीची, वाटते. एलिझाबेथ तिथल्या बागेत एकटी फिरायला जाते. डार्सी वाटेत भेटतो. तो पुन्हा भेटू नये म्हणून ती मुद्दाम सांगते की ही माझी आवडती वाट आहे, मी नेहमी इथेच येते. तो दुसऱ्यांदा येतो. तिसऱ्यांदाही येतो. तिला कोडं पडतं. आता हेच त्याच्या बाजूने बघा: जिच्यावर आपलं मन बसलं आहे ती मुलगी आपण होऊन सांगते आहे की मी रोज कुठे असते. याहून स्पष्ट आमंत्रण कोणतं? आणि हा माझा तर्क नाही. अठ्ठावन्नाव्या प्रकरणात डार्सी स्वतः कबूल करतो की आपण मागणी घालावी याची ती वाट पाहते आहे अशी त्याची समजूत होती. म्हणजे नायकाच्या बाजूची खरी कादंबरी ऑस्टिनने सूत्ररूपाने लिहूनच ठेवली आहे. एक बुद्धिमान, दहा हजार पौंड वार्षिक उत्पन्नाचा, स्वतःवर खूश असलेला माणूस एका मुलीचं प्रत्येक बोलणं उलटं वाचत जातो आणि एका संध्याकाळी त्याला नकार मिळतो. एलिझाबेथ त्याला चुकीचं वाचते हे सगळ्यांना माहीत आहे. तोही तिला तितकंच चुकीचं वाचतो आहे. डार्सीकथा लिहिणाऱ्या बहुतेकजणी मात्र त्याला फार लवकर शहाणा करतात. त्यांना तो आवडतो, आणि आवडणाऱ्या माणसाला फजीत होताना बघवत नाही.

प्रेम करणाऱ्याच्या या चुकीला एका लोकप्रिय लेखिकेने फार सोपं, नेमकं रूप दिलं. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मधल्या (२००५) एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त बेलाच्या मनातलं येत नाही. तीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून सांगणाऱ्या ‘मिडनाइट सन’चा अपुरा मसुदा २००८ मध्ये फुटला, मेयर यांनी काम थांबवलं आणि पुस्तक यायला २०२० उजाडलं. ते लांबलं आहे, पुनरुक्ती खूप आहे. पण त्याच्या मुळाशी असलेली कल्पना पक्की आहे, कारण जिच्याबद्दल त्याला सर्वांत जास्त कळायला हवं तिच्यापाशीच तो बहिरा आहे. ‘ट्वायलाइट’च्या चाहत्या म्हणून लिहायला लागलेल्या ई. एल. जेम्स यांच्या ‘ग्रे’बद्दल (२०१५) असं काही चांगलं बोलता येत नाही. आधीच्या कादंबरीतलेच संवाद, तेच प्रसंग, फक्त ‘मी’ बदललेला. नायिकेच्या, ॲनाच्या, नजरेतून गूढ वाटणारा माणूस आतून बघितल्यावर नुसता हुकूमशहा निघतो, आणि लेखिकेला ते दिसत नाही.

नायकाच्या बाजूने वाचायची ही भूक नवी नाही. १९८४ मध्ये जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोष्टीतल्या पुरुषाचा तुसडेपणा या बायका मनातल्या मनात कसा उलगडून घेतात, त्याच्या रागामागे माया शोधतात, हे त्यांनी दाखवलं. १९९२ मध्ये कादंबरीकार लॉरा किन्सेल यांनी त्याहून धीट मुद्दा मांडला: वाचक नायिकेच्या जागी उभी असली तरी आतून ती नायकच जगत असते. वाचक आधीपासूनच त्याच्या मनात शिरत होत्या असं मानलं, तर या पुस्तकांनी फक्त ते कागदावर आणलं. ही पुस्तकं लिहिणाऱ्या बहुतांशी बायका आहेत हेही विसरू नये. त्यांचा डार्सी हा पुरुषाच्या मनाचा नमुना नाही, पुरुषाच्या मनात काय असावं याची बायकांनी केलेली मागणी आहे. ती मागणी मला गंभीर वाटते: तो गप्प असला तरी त्याने माझा विचार केलेला असावा, आणि माझ्या नकाराने तो बदललेला असावा.

पण हे सगळं ज्याच्याकडून वसूल करायचं तो पुरुष दोषी असेल तेव्हा काय? इथे रॉचेस्टरकडे यावं लागतं. ‘जेन आयर’ (१८४७) पूर्णपणे जेनने सांगितलेली आहे. सत्ताविसाव्या प्रकरणात रॉचेस्टर आपली कैफियत मांडतो: बापाने आणि भावाने तीस हजार पौंडांच्या हुंड्यासाठी जमैकातल्या बर्था मेसनशी आपलं लग्न लावलं, ती वेडी निघाली, आपण तिला माळ्यावर ठेवलं. तिथे बर्थाची बाजू मांडणारं कुणी नसतं. कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिस यांना ही कैफियत पटली नाही. १९६६ मध्ये त्यांची ‘वाइड सारगॅसो सी’ आली. ती बर्थाची, म्हणजे मूळच्या आंत्वानेतची, कादंबरी म्हणून सगळे ओळखतात. तिचा मधला, सर्वांत मोठा भाग मात्र बहुतेक सगळा नवऱ्याच्या तोंडी आहे हे फारसं कुणी बोलत नाही. ऱ्हिस यांनी त्याला नावसुद्धा दिलेलं नाही. तो सांगत जातो आणि आपण बघत राहतो: बेटावरचे रंग, वास, डोंगर त्याच्या अंगावर येतात, बायकोचं बोलणं त्याला कळत नाही, एका परक्याच्या पत्रावर तो तिच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो, तिचं नाव बदलून तो तिला बर्था म्हणू लागतो. त्याला स्वतःची दया येते आणि काही क्षण आपल्यालाही येते. तरी तो सुटत नाही. लव्हलेसच्या वेळी रिचर्डसनला तळटीपा द्याव्या लागल्या होत्या. ऱ्हिस यांना एकही लागली नाही, कारण त्याच्या शेजारी आंत्वानेतचा आवाज सतत ऐकू येत राहतो.

या पुस्तकानंतर सारा शूमेकर यांची ‘मिस्टर रॉचेस्टर’ (२०१७) वाचली की मागे गेल्यासारखं वाटतं. बालपणापासून रॉचेस्टर उभा करण्यात मेहनत आहे, गद्य सफाईदार आहे, पण सगळी मेहनत त्याला समजून घ्या, एवढ्या विनवणीसाठी खर्च झाली आहे.

विनवणीच्या पुढचं पाऊल सारवासारवीचं, आणि त्याचं ठळक उदाहरण ऱ्हेट बटलर. मार्गारेट मिचेल यांच्या वारसांच्या परवानगीने डोनाल्ड मॅकेग यांनी २००७ मध्ये ‘ऱ्हेट बटलर्स पीपल’ लिहिली. १९३६च्या मूळ कादंबरीत ऱ्हेट तुरुंगात असतो तो एका काळ्या माणसाला मारल्याबद्दल. त्याने एका गोऱ्या बाईचा अपमान केला म्हणून आपण त्याला मारलं, हे ऱ्हेट स्कार्लेटजवळ सहज कबूल करतो. मॅकेग यांच्या पुस्तकात हाच मृत माणूस ऱ्हेटचा मित्र होतो, आणि जमावाच्या हातून हाल होऊन मरण्याऐवजी तूच मला गोळी घाल अशी विनंती तोच ऱ्हेटला करतो. एका वंशद्वेषी खुनाचं मैत्रीत रूपांतर झालं. मिचेल यांच्या कादंबरीतली ती कबुली अंगावर काटा आणते, आणि आणायलाच हवी. तिच्यामुळे तो काळ आणि तो माणूस खरा वाटतो. याच वारसांनी २००१ मध्ये ॲलिस रँडल यांची ‘द विंड डन गॉन’ रोखण्यासाठी कोर्टात धाव घेतली होती. ती गोष्ट स्कार्लेटच्या गुलाम सावत्र बहिणीच्या बाजूची. वरच्या कोर्टाने बंदी उठवली म्हणून ते पुस्तक वाचकांपर्यंत पोचलं. नायकाची बाजू अधिकृत आणि गुलाम मुलीची बाजू कोर्टात, एवढ्यावरून कुणाच्या कहाणीला किती सहज जागा मिळते ते कळतं.

ऑस्टिनच्या कादंबरीतल्या घरातही असा दुसरा आवाज होता. जो बेकर यांची ‘लाँगबोर्न’ (२०१३) बेनेट कुटुंबाच्या मोलकरणीची, सेराची गोष्ट सांगते. एलिझाबेथ चिखल तुडवत नेदरफील्डला गेली याचं वाचकांना दोनशे वर्षं कौतुक. तो चिखल धुणारे हात बेकर दाखवतात. डार्सीच्या दहा डायऱ्यांपेक्षा या एका पुस्तकाने मला ऑस्टिनबद्दल जास्त विचार करायला लावला. हीथक्लिफच्या बाबतीत हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. तो नायक आहे आणि लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला, रंगाने सावळा, अनाथ मुलगाही आहे. तो तीन वर्षं कुठे गायब होता हे एमिली ब्राँटेने सांगितलं नाही. मायकल स्ट्यूअर्ट यांनी ‘इल विल’मध्ये (२०१८) ती वर्षं त्याच्याच तोंडून सांगताना त्या काळच्या गुलामांच्या व्यापाराला हात घातला. तिथे नायकाला आवाज देण्याला काही अर्थ आहे, कारण त्याचा आवाज खरोखरच दाबलेला होता. डार्सीचा कधीच नव्हता.

मराठी वाचकाला हे प्रयोग नवखे वाटू नयेत. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात. ययातीने मनापासून केलेली कबुली त्याला निर्दोष ठरवत नाही, कारण त्याच्या शेजारीच त्या दोघी बोलत्या असतात. उलट बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) सगळी गोष्ट चक्रधरची. बोटीवर भेटलेली हॅर्टा, तिची ज्यू असण्याची शिक्षा, तिला कुठेच उतरायला जागा नसणं, हे आपण त्याच्या नजरेतून बघतो, आणि त्याने तिला किती उशिरा ओळखलं हेही त्याच्याच सांगण्यातून कळतं. प्रेमात पडलेल्या पुरुषाचं आंधळेपण त्याच्याच आवाजात कसं लिहावं याचा याहून चांगला धडा मला इंग्रजीतल्या डार्सीकथांत मिळाला नाही.

या पुस्तकांकडे वळायचं असेल त्याने आधी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची बत्तीस ते छत्तीस ही प्रकरणं पुन्हा वाचावीत, या वेळी डार्सीच्या खुर्चीवर बसून. मग एडन यांचा पहिला खंड घ्यावा. दुसरा सोडला तरी चालेल. ‘ग्रे’साठी वेळ घालवू नये. आणि एकच पुस्तक वाचायचं असेल तर ते ‘वाइड सारगॅसो सी’ असावं. नायकाच्या बाजूने लिहिलेलं इतकं निर्भीड पान त्यानंतरच्या साठ वर्षांत माझ्या वाचनात आलेलं नाही.